पाडव्याला घरी कुणी नव्हतं

मादेने चार वर्षांत एकदाच काही मागितलं.
कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाली, आई,
यंदा तुमचा पाडवा नि आमचा न्येपी एकाच दिवशी.
शकाचा आकडाही तोच, बघा.
मी चष्मा लावून पाहिला. होता.
कुठल्या गलबतातून गेला असेल तो तिच्या बेटावर?
आम्ही नाखवा, पण आमच्यात कुणी ते सांगितलं नव्हतं.

न्येपीला काय करायचं असतं, तर काही नाही.
दिवा नाही, चूल नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही,
सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. शब्दही नको.
वरून उडत जाणाऱ्या भुतांना वाटावं
की बेट ओस पडलंय.

आणि मी चेंदणीच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत,
एकवीस वर्षं.
मोरपिशी नऊवारी इस्त्री होऊन कपाटाला टांगलेली.
जयेंद्र बोटीवर, नॉर्वेच्या बाजूला.
फोनवर म्हणाला, तुम्ही दोघी बघा काय ते.
शहाणा.

तीन दिवस आधी ती देवांची भांडी घेऊन जेट्टीवर गेली.
खाडीचं पाणी काळं.
समुद्रालाच मिळतं ना, तिने विचारलं.
म्हटलं, मिळायचं.

आदल्या संध्याकाळी गच्चीवर राक्षस:
ओले पेपर, फाटकी मच्छरदाणी,
पिंगपाँगचा चेंडू अर्धा करून डोळे.
शर्वाणीने सगळ्या खोल्यांतून डाव आणि ताट बडवलं,
मग राक्षस पेटवला.
सेक्रेटरी सामंत वर आले. होळी झाली ना हो, नाखवाबाई?
मी म्हटलं, ही उरलेली.

पहाटे चारला आम्ही गुढी बांधली.
मादेने काठी धरली आणि हसली,
त्यांच्या एका सणाला बांबूचा शेंडा वाकवतात, खाली बघणारा.
आमचा ताठ.
सहा वाजले आणि तिने पंखा बंद केला.

ढोल कोपीनेश्वराकडून आला.
आधी जमिनीतून, मग मांडणीतल्या वाट्यांतून.
माझे पाय आपोआप मोजत होते, एक दोन, एक दोन.
मी गुडघ्यांवर हात दाबून बसले.
बेल वाजली. तीनदा.
कुंदा आणि कुणीतरी, कडुनिंबाची वाटी घेऊन.
नाहीत वाटतं.
असतील कुठल्या? सून आणली तिथेच मालनची लेझीम संपली.
जिन्यातून हसणं उतरत गेलं.
मादेला मराठी आता चांगलं येतं.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी घाम. शर्वाणीने कालच्या दशम्या खाल्ल्या,
पाठमोरी बसून चित्रं काढली, झोपली.
अंधार झाला, समोरच्या बिल्डिंगीत माळा लागल्या,
आमची खिडकी तेवढी काळी.
काही करायला नसलं की घर दिसतं.
ओट्याखालची फळी दिसली.
तिथे तिचं वेगळं पातेलं, झाकण घातलेलं.
पहिल्या वर्षी तिने डुकराचं काहीतरी शिजवलं तेव्हा
मी म्हटलं होतं, याला आपलं भांडं नको.
एकदाच म्हटलं. आवाजही चढवला नव्हता.
चार वर्षं ती तिचा साधा भातसुद्धा त्यात करते.
तिने काही म्हटलं नाही, मी काही म्हटलं नाही.
न बोलण्याचे किती प्रकार असतात.

सहाला तिने गॅस पेटवला.
मग माझ्यासमोर येऊन हात जोडले.
दुसऱ्या दिवशी त्यांच्यात एकमेकांची क्षमा मागतात,
कशाबद्दल ते सांगावं लागत नाही.
मला आधी मागायची होती. राहिलं.
तोंड चोवीस तास मिटलेलं, उघडेना.

मी वाकले, ते पातेलं काढलं,
विसळलं, चहाचं आधण ठेवलं. सगळ्यांचं.
ती साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी.
किती चमचे, तिने विचारलं,
जसं काही तिला माहीत नव्हतं.

गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते.
आमची रात्रभर बाहेर राहिली,
गाठीला मुंग्या लागल्या, कडुनिंब वाळला.
कुंदाने पाहिली असणार.
विचारील.